साहेब दोनदा जेवला

रावीन क्लेर, माबुया खोरं
सेंट लुशिया
१८ ऑगस्ट १९९६

व्हर्लीन, माझे दूदू,

तुझं शेवटचं पत्र आल्यापासून इथून पाच बोटी भरून गेल्या. आठवड्याला एक बोट, तेव्हा किती दिवस झाले ते तूच मोज. वॉशिंग्टनमधली शाई संपली का गं? तुझी आई गेल्यावर तुला लहानाची मोठी केली ती टपालवाल्याच्या तोंडाकडे बघत बसायला नाही.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण डोक्यावर घड घेतला की तोही गप्प बसतो. मागच्या बोटीला तपासनिसाने माझी सगळीच्या सगळी बावीस खोकी उघडून पाहिली, एका फणीवरसुद्धा डाग सापडला नाही. शेजारच्या ऑक्टेव्हची चार परत आली. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते रविवारपर्यंत टिकलं. रविवारी मीठ मागायला आला.

तुझ्या आईचा नदीकाठचा तुकडा मात्र रानाने भरलाय. एकटीच्याने होत नाही.

आता कामाचं. रेडिओवर सांगतात की अमेरिकेने आमच्या केळ्यांविरुद्ध तक्रार केली आहे, तीही जिनिव्हाला, जागतिक व्यापाराच्या संघटनेत जाऊन. इंग्लंड आमची केळी आधी घेतं, त्यावर जकात लावत नाही, हा म्हणे अन्याय. अगं, कुणावर? तू चार वर्षं तिथे आहेस, एक तरी केळ पिकताना पाहिलीस का? आमचं अख्खं बेट त्यांच्या एखाद्या शहराच्या खिशात मावेल, आणि माझ्या बावीस खोक्यांनी त्यांना ठसका लागतो?

तू मोठ्या वकिलांच्या कचेरीत आहेस. मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी व्हर्लीन विचारून कळवील. तुझ्या टायपिंगच्या शाळेची फी याच केळ्यांनी भरली, तेवढं त्यांच्यासाठी कर.

तुझी,
तांती एर्मीन


वॉशिंग्टन
९ सप्टेंबर १९९६

प्रिय तांती,

रागावू नकोस. कामाचा ढीग आहे.

तू विचारलंस ते मी शोधून काढलं. केळी अमेरिकेत पिकत नाहीत, पण अमेरिकेतल्या एका कंपनीची पिकतात. दक्षिणेकडच्या दुसऱ्या देशांत तिचे मळे आहेत, दिवसभर मोटार हाकली तरी संपू नयेत एवढे. तिला युरोपात आणखी माल विकायचाय आणि तुम्ही मध्ये जागा अडवून बसलाय असं तिचं म्हणणं. पोट कंपनीचं दुखतं आणि काढा सरकार पितं, असा सगळा प्रकार. इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. एका कंपनीचं गाऱ्हाणं नीट कागदावर उतरलं, योग्य दारातून आत गेलं, की बाहेर येताना ते देशाचं गाऱ्हाणं होऊन येतं.

आमच्या कचेरीत सगळ्याच तऱ्हेची कामं येतात. मी फक्त टाइप करते.

एक सांगायचंय. आमचे एक वकील, मिस्टर हॅल्वर्सन, ऑक्टोबरात तिकडे येणार आहेत. छोट्या बागा कशा चालतात ते त्यांना डोळ्यांनी पाहायचंय. मीच म्हटलं, माझ्या तांतीकडे जा. माणूस सभ्य आहे. एकदा कुदमेंचा दिवस, सगळं खोरं एकाच्या बागेत राबतं तो, पाहू दे त्यांना. तुझी केळी पाहिली, तुम्हा सगळ्यांना पाहिलं, की निदान कळेल तरी आपण कोण आहोत ते.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
व्हर्लीन


रावीन क्लेर
२७ ऑक्टोबर १९९६

दूदू,

तुझा साहेब येऊन गेला! खोऱ्यात दुसरा विषय नाही.

उंच माणूस, पण दारातून आत येताना आपण होऊन वाकला, तेव्हाच मला आवडला. त्या शनिवारी कुदमें माझ्याकडे होतं. पाट साफ करायचे होते, वरच्या अंगाला नवीन लावण करायची होती. उजाडायच्या आत ऑक्टेव्हने टेकडीवरून शंख फुंकला आणि सव्वीस माणसं आली, कुणी कोयता घेऊन, कुणी फावडं, म्हाताऱ्या आन्येसने नुसता आवाज आणला, पण गाण्याशिवाय फावडी चालत नाहीत हे तुला माहीतच आहे. साहेब बांधावर उभा राहून फोटो काढत होता. त्याचे बूट पाहून माझंच काळीज तुटलं.

मग वही काढून विचारतो, "यांना मजुरी किती देता?"

मी म्हटलं, "कसली मजुरी?"

"दिवसाची."

सगळे हसायला लागले. मी ओरडून विचारलं, "काय रे ऑक्टेव्ह, मजुरी पाहिजे का तुला?"

तो म्हणाला, "देऊन तर बघ. तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही."

मी साहेबाला समजावलं. आज हे माझ्याकडे राबतात, पुढच्या शनिवारी मी ऑक्टेव्हकडे, त्यानंतर सगळे आन्येसच्या छपरावर. ज्याच्याकडे काम त्याने जेवू घालायचं, आणि जो जेवला त्याने कधी ना कधी दिवस भरायचा. माझ्या आईच्या आईपासून हेच चाललंय. साखरमळ्याच्या मालकापुढे हात पसरायचा नाही म्हणून त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

तो पुन्हा विचारतो, "म्हणजे एक डॉलरसुद्धा देत नाही?"

"एक सेंटसुद्धा नाही!" मी छाती काढून सांगितलं. "लिहून घ्या साहेब."

त्याने लिहून घेतलं. दोनदा नीट विचारून, माझ्या नावासकट.

दुपारी कच्ची केळी आणि खारवलेला मासा केला होता, शेजारी भाजलेला नीरफणस. साहेब दोनदा जेवला. ऑक्टेव्ह कानात म्हणाला, "याचा एक दिवस बाकी राहिला बघ." मी त्याला कोपराने ढोसलं.

जाताना साहेबाने तुझं फार कौतुक केलं. म्हणाला, तिच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही. मी म्हटलं, माझ्या केळ्यांवर तरी कुठे सापडते? आता सरकारला तो आमची बाजू सांगेल, आणि हे तुझ्यामुळे झालं, हे मी रविवारी चर्चच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

तुझी,
तांती


वॉशिंग्टन
१२ नोव्हेंबर १९९६

तांती,

तू त्यांना नेमकं काय काय सांगितलंस? मजुरीबद्दल जसं बोललीस तसं शब्दन् शब्द लिहून पाठव. लवकर.

व्हर्लीन


रावीन क्लेर
२५ नोव्हेंबर १९९६

व्हर्लीन,

हे काय पत्र झालं? ना दूदू ना बरी आहेस का. जे बोलले ते लिहिलंय मागे. साहेबाने काही तक्रार केली का? माशाला मीठ जरा जास्त झालं होतं, कबूल. पण दोनदा वाढून घेतलं त्याने, ते काही मी जबरदस्तीने नाही वाढलं.

तुझा आवाज मला ठीक वाटत नाही. थंडी फार आहे का?

तांती


वॉशिंग्टन
१९ जानेवारी १९९७

प्रिय तांती,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

मिस्टर हॅल्वर्सन तुमची बाजू मांडायला आले नव्हते. आमची कचेरी त्या कंपनीचं काम करते. सरकारच्या हाती जो कागद जातो त्यातला बराचसा आमच्याकडे तयार होतो. हे मला तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाही ठाऊक होतं. वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. मी तुला कळवलं नाही, कारण पगार चांगला होता आणि तू चर्चच्या दारात माझं नाव घेत होतीस.

त्यांना तुझ्याकडे मी पाठवलं. मला खरंच वाटलं होतं की बघितल्यावर माणूस बदलेल.

कागद आता सगळ्यांसमोर ठेवलाय, म्हणून त्यातलं वाक्य तुला सांगू शकते. "या बेटांवरील केळीबागांमध्ये काम करणाऱ्यांना वेतन दिले जात नाही, हे एका बागमालकिणीने स्वतः आमच्यापाशी कबूल केले आहे." खाली तुझं नाव आहे. त्याच्या पुढे असं, की फुकट राबवून पिकवलेल्या मालाला सवलत देणं म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्यावर अन्याय.

कबूल केले, तांती. जसं काही तू चोरी केली होतीस.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, हे असं नाहीये. ते रागावले नाहीत, उलट मला बसायला खुर्ची दिली. "व्हर्लीन, यातला एक तरी शब्द खोटा आहे का?" मी म्हटलं, शब्द खरे आहेत, पण कुदमें म्हणजे काय ते कुठे आहे? "त्याला कागदावर जागा नाही," म्हणाले. मग मी विचारलं, ज्या देशात केळी पिकत नाहीत त्याला केळ्यांसाठी एवढं का भांडायचंय? ते थोडं हसले. म्हणाले, "देशाचा फायदा कशात आहे हे देशाला आपोआप कळत नसतं. कुणीतरी दार वाजवून सांगावं लागतं. कंपनीने येऊन सांगितलं. तिचा हात सढळ आहे, इथल्या दोन्ही राजकीय पक्षांना तिची ओळख आहे. तुमच्या खोऱ्यातून कोण आलं होतं दार वाजवायला?"

मी उठून माझ्या टेबलाशी परत आले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आधी साहेबाची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणारीची. कुणाच्या हातून काय गेलं ते कळावं म्हणून. त्या पानाखाली व्ह. दॉ. आहे. दॉक्सिली, तांती. तुझंच आडनाव. वरच्या ओळीत तू आणि तळाशी मी.

माफी मागायचं तोंड नाही. पण तुझ्यापासून लपवून आणखी एक दिवस राहवत नाही.

व्हर्लीन


वॉशिंग्टन
३० मार्च १९९७

प्रिय तांती,

तुझं उत्तर नाही. दहा बोटी झाल्या असतील. रागाने लिहीत नाहीस की पत्रच मिळालं नाही, एवढं तरी ऑक्टेव्हकाकांकडून कळव.

मी कचेरी सोडली. फेब्रुवारीत त्याच प्रकरणाचा दुसरा कागद आला, त्यातही तुझं ते वाक्य होतं. मी तो सबंध टाइप केला, एकही चूक न करता, आणि तळाशी आद्याक्षरं घातली नाहीत. तिरकी रेघ काढली आणि पुढे कोरं ठेवलं. हॅल्वर्सनसाहेबांनी कागद परत पाठवला. मी पुन्हा तसाच नेऊन दिला. त्यांनी विचारलं, हे विसरलीस का? मी म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा मी कागदाबरोबर किल्ली ठेवली.

आता एका त्रिनिदादच्या बाईच्या बेकरीत पाव भाजते. पहाटे उठायला लागतं, ते मला कधीच जड नव्हतं.

तुझी,
व्हर्लीन


रावीन क्लेर
२५ मे १९९७

व्हर्लीन,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचून मी ते मिठाच्या डब्यात टाकून दिलं आणि झाकण लावलं. रागावले होते. अजून आहे. त्या माणसाने मला फसवलं याचं एवढं काही नाही, तो परका. पण तू मला एक वर्ष मूर्ख करून बसवलंस. मी तुझ्या नावाने मिरवत होते, आणि तू तिथे बसून ते वाचत होतीस. एक शब्द लिहायला काय झालं होतं? तुझी आई असती तर तिने तुला तुडवली असती, मग जवळ घेतली असती. मी पहिलंच करीन.

दुसरं पत्र आलं तेव्हा ते ऑक्टेव्हने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. कोऱ्या जागेचं आलं तिथे तो थांबला. म्हणाला, "एर्मीन, पोरीने तीन वेळा कोरं ठेवलं." मी म्हटलं, ऐकलं मी. तो म्हणाला, "नाही, नीट ऐक," आणि पुन्हा वाचलं.

मागच्या मंगळवारी देनरीच्या शाळेत सभा झाली. परदेशातले अधिकारी होते, पेपरवाले होते, टेलिव्हिजनचा दिवा होता. पुढच्या रांगेतल्या एका टायवाल्याने तेच वाक्य वाचलं आणि विचारलं, ही बाई कोण? आपल्या केळीवाल्यांच्या संघाचा चिटणीस माझ्या कानाशी लागला, "सांगा की तुमचा गैरसमज झाला होता. सांगा की थोडी मजुरी देता." पोर भला आहे, घाबरला होता.

मी उठले. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं आज नाही.

मी म्हटलं, मीच ती बाई. मी कबूल वगैरे काही केलं नाही, मी अभिमानाने सांगितलं, आणि आता परत सांगते. माझ्या बागेत मी कुणाला एक सेंट देत नाही. हे सव्वीस लोक बसलेत, विचारा कुणालाही. मजुरी कुणाला द्यायची? ज्याच्याकडे आपण स्वतः उद्या फावडं घेऊन जाणार नाही त्याला. त्या कंपनीच्या मळ्यात मजुरी देतात म्हणे. देत असतील. तिचा मालक शनिवारी आपल्या मजुराच्या घरी छप्पर शाकारायला जातो का, तेवढं विचारून या.

हसले सगळे. टायवालासुद्धा हसला, मग त्याला आठवलं की हसायचं नाही.

मी पुढे म्हटलं, तुमचा एक साहेब माझ्याकडे दोनदा जेवला. आमच्यात जो जेवतो तो दिवस भरतो. त्याचा एक दिवस बाकी आहे, निरोप सांगा. आणि त्याने असंही विचारलं होतं की या खोऱ्यातून दार वाजवायला कोण आलं होतं. त्याला सांगा, एक पोरगी गेली होती. त्याच्याच टेबलावर तीन वेळा वाजवून आली. त्याला ऐकू आलं नाही तो त्याच्या कानाचा दोष.

हे बोलताना मला रडू आलं, आणि ते सगळं टेलिव्हिजनवर गेलं. केसही विस्कटले होते.

तू केलंस ते वाईट केलंस. मग जे केलंस ते मात्र दॉक्सिलीसारखं केलंस. दोन्ही लक्षात ठेव.

तांती


वॉशिंग्टन
१६ सप्टेंबर १९९७

प्रिय तांती,

तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. निकाल विरुद्ध गेला. पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. बेकरीतल्या बाईने मला वाचून दाखवलं आणि न विचारता कॉफी दिली.

तुझी केळी कोण घेईल आता? इंग्लंड किती दिवस धरून राहील? मी रात्रंदिवस तोच विचार करते. माझ्या त्या एका पानाने काही बदललं नसतं हे कळतं, तरी ते पान माझ्या हातून गेलं हे मनातून जात नाही.

उन्हाळ्यातल्या प्रत्येक पत्रात तू लिहितेस ये, ये, पण कुणाच्या समोर उभी राहू? आन्येसच्या? ऑक्टेव्हकाकांच्या? रविवारी चर्चच्या दारात? थोडे पैसे साठवलेत. ते मी तुमच्या संघाला पाठवते. निदान तेवढं तरी माझ्याकडून घ्या. मग बघू.

तुझी,
व्हर्लीन


रावीन क्लेर
१२ ऑक्टोबर १९९७

दूदू,

तुझा चेक पाकिटात परत घालते आहे. ऑक्टेव्ह म्हणाला फाडून टाक, पण पैसा तुझ्या घामाचा आहे, तो फाडायचा नाही.

निकाल लागला त्या आठवड्यात बोट आली, आम्ही भरली. माझी एकवीस खोकी, एकही परत नाही. त्यापुढच्या आठवड्यात आली, तीही भरली. पुढे येईल की नाही ते वॉशिंग्टनला ठरो नाहीतर जिनिव्हाला ठरो. आलेल्या बोटीत डागी फणी जाणार नाही, एवढं आम्ही इथे ठरवलंय. खालच्या अंगाच्या दोघांनी केळी उपटून टाकल्या. त्यांना मी काही म्हणत नाही, त्यांची लेकरं लहान आहेत.

आता नीट ऐक. काल शनिवार होता. शंख मी फुंकला, ऑक्टेव्हचा दम आता पुरत नाही. कुदमें तुझ्या आईच्या तुकड्यावर घातलं, तुझ्या नावाने. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. मला वाटलं दहा माणसं आली तरी पुष्कळ. एकतीस आली. देनरीहून तो चिटणीस आला, ज्या दोघांनी आपल्या केळी उपटल्या ते दोघेही आले. आन्येसला दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं, आणि ती दिवसभर गायली. रान काढलं, पाट मोकळे केले, दुपारपर्यंत नदीपर्यंतची माती दिसायला लागली. मग केळीच लावल्या. दुसरं काय लावणार?

जेवण मी रांधलं. मालकीण गैरहजर आणि तिच्या नावाने सगळं खोरं जेवलं, असं आमच्याकडे पहिल्यांदाच झालं. ऑक्टेव्ह जेवून हात पुसत म्हणाला, हे एकतीस दिवस आता तिच्या अंगावर आले.

कुणासमोर उभी राहू म्हणून विचारतेस ना? त्या एकतीस जणांसमोर. त्यांची नावं मागच्या पानावर लिहिली आहेत, कुणाचं छप्पर गळतं, कुणाची लावण राहिली तेही लिहिलंय. यातला एकही दिवस पैशाने फिटत नाही, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून चेक परत.

हॅल्वर्सनसाहेबाचा एक दिवस बाकी आहे, तो राहू दे, तो काही येत नाही.

तुझे एकतीस आहेत. तू ये.

तांती